समासात

घाडगेकाका काउंटरवर टोपी ठेवून म्हणाले,
"ताऱ्यांवरचं पुस्तक पाहिजे.
पण बाई, गणित माझं कच्चं."
दवाखान्यात सांगतात तसं सांगितलं,
पेनिसिलिन चालत नाही.

एकतीस वर्षं बडोदा-डभोई गाडीवर कंडक्टर.
सुट्ट्या पैशांत कधी चूक नाही, म्हणाले,
पण आकड्यांच्या गर्दीत एखादं अक्षर शिरलं
की त्याचं तिकीट कुठलं फाडायचं तेच कळत नाही.

आमच्या ग्रंथालयात कपाटांच्या मजल्यांना काचेची जमीन.
वर कोणी चाललं की खाली
तळव्यांचे पुसट ढग सरकताना दिसतात.
काका मान वर करून तेच बघत बसले,
मी पुस्तक शोधेपर्यंत.

माझी पद्धत साधी. पुस्तक मधोमध उघडायचं,
पानावरची बरोबरची चिन्हं मोजायची.
चारच्या वर गेली की परत कपाटात.

पहिलं दिलं ते एकही चिन्ह नसलेलं, गुळगुळीत, रंगीत.
आठवड्यात परत.
"यात नुसतं अबब आहे. अबब किती लांब, अबब किती गरम.
पण यांना कळलं कसं?
थर्मामीटर घेऊन कोण गेलं होतं?"

दुसरं कॉलेजातलं. ते आलं तेव्हा आत चिठ्ठी:
"पान नऊवर लॉग चढला. मी उतरलो."

तिसरं गुजरातीतलं, तसं बरं होतं,
फक्त लेखक दर पानावर म्हणायचा, हे तर उघडच आहे,
आणि उघड काही नसायचं.
काकांनी त्याचं नाव उघडभाई ठेवलं.

मग एका दुपारी मी स्वतःच वर गेले.
कपाटाच्या तळाशी एक जुनं मराठी पुस्तक,
पाठीचं कापड सुटलेलं,
शेवटचा शिक्का माझ्या जन्माच्या आधीचा.
उघडलं. पानावर सात चिन्हं. ठेवूनच देणार होते.

पण समासात कोणीतरी पेन्सिलीनं
अंतर दुप्पट केलं होतं, उजेड निम्मा लिहिला होता,
खोडला होता,
पाव लिहिला होता,
खाली एक दिवा, त्याच्यापुढे एक चौकोन, मग चार,
आणि बारीक अक्षरांत: "हात्तिच्या! पसरतो म्हणून."

पुढे कुठेतरी: "इथे दोन दिवस अडलो. पुढे जावे, मग परत यावे."
आणखी पुढे: "आज अंगात कसर आहे. तरी सूर्याचे वजन निघाले."

आता हे सांगायला हवं.
माझ्या खणात एक खोडरबर आहे.
बावीस वर्षं दर शनिवारी
परत आलेल्या पुस्तकांतले पेन्सिलीचे डाग
मी खोडत आलेय.
नियमच आहे. लिहिणाऱ्याला पाच रुपये दंड.
रबराचा भुगा फुंकर मारून टेबलाखाली.
किती जण कुठे कुठे अडले असतील,
कसे सुटले असतील,
ते सगळं पुसून मी पुस्तक स्वच्छ म्हणून लावलं.

काकांना म्हटलं, यात गणित आहे हं.
"कोणाचं?" म्हणाले.
मी समास दाखवला.
चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ वाचत राहिले,
दिव्याच्या चित्रावर बोट.
"हा आपल्याच गाडीतला दिसतोय.
शेवटी उतरला कुठल्या स्टॉपला?"
पान एकशे बारा, मी म्हटलं.
त्यानंतर समास कोरा आहे.

चार वेळा मुदत वाढवून घेतली त्यांनी.
परवा आले. टोपी डोक्यावरच.
पाच रुपयांचं नाणं काउंटरवर ठेवलं
आणि तीस वर्षांच्या जुन्या सवयीनं
दोन बोटं पुढे करून म्हणाले,
"पावती फाडा.
पान एकशे तेरा."